बेइरा: भरतीच्या वेळापत्रकावर चालणारं शहर

दर्याकाठ

मोझांबिकचा विषय निघाला की आपल्याकडे गप्पा तूरडाळीवर नाहीतर चक्रीवादळावर जातात. या दोन्हींचा संबंध ज्या शहराशी आहे त्या बेइराबद्दल मराठीत फारसं काही सापडत नाही, म्हणून हा धागा काढतोय. क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या कामामुळे माझा तिथे बराच मुक्काम झाला. अजूनही तिथल्या मंडळींशी फोनवर बोलणं असतं.

बेइरा ही सोफाला प्रांताची राजधानी. वस्ती पाच लाखांच्या वर. पुंगवे नदी हिंदी महासागराला मिळते त्या मुखावर, खारफुटी आणि दलदलीच्या जागेवर हे शहर उभं राहिलं. बुझी नदीही जवळच समुद्राला मिळते. शहराचा बराचसा भाग उधाणाच्या पाण्याच्या पातळीखाली आहे, आणि तिथलं उधाण म्हणजे काय ते पाहिल्याशिवाय कळत नाही. मुंबईत उधाणाला पाणी पाचेक मीटर चढतं, बेइरात सहा-सात मीटर. सकाळी चिखलात आडवी पडलेली होडी दुपारी धक्क्याच्या कठड्यालगत डुलत असते. मोठ्या जहाजांना भरतीची वाट बघत बाहेर नांगर टाकून थांबावं लागतं. आमच्या ऑफिसात भिंतीवर दोन कागद कायम असायचे, एक जहाजांच्या तारखांचा आणि एक भरती-ओहोटीचा, आणि कामाचा दिवस दुसऱ्या कागदावर ठरायचा. पुंगवे गाळ आणते, ड्रेजर तो उपसतात, नदी पुन्हा आणते. देशाच्या गाळ उपसणाऱ्या सरकारी कंपनीचं मुख्यालयच बेइरात आहे.

मग असल्या जागी बंदर बांधलंच कशाला? कारण आतल्या मुलखाला जवळचा दुसरा समुद्र नव्हता. १८८७ मध्ये पोर्तुगीजांनी इथे लष्करी ठाणं टाकलं. १८९१ पासून जवळपास पन्नास वर्षं हा सगळा प्रदेश ‘कंपनिया द मोसांबिक’ नावाच्या खाजगी सनदी कंपनीकडे होता. आपल्याकडे ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार संपून तीन दशकं उलटली होती, आणि तिथे तोच प्रकार सुरू होत होता. १८९८ मध्ये रेल्वे आताच्या झिंबाब्वेतल्या मुतारेपर्यंत पोचली आणि बेइराचं नशीब ठरलं. मुतारे तिथून तीनशे किलोमीटरच्या आत, आणि आपल्याच देशाची राजधानी मापुतो मात्र रस्त्याने बाराशेच्या आसपास. झिंबाब्वे, मलावी, झांबिया या तिन्ही देशांना समुद्र नाही. त्यांचं खत, गहू, इंधन इथून आत जातं आणि तंबाखू, तांबं, क्रोम, ग्रॅनाइट इथून बाहेर पडतं. तेते प्रांतातला काही दगडी कोळसा सेना रेल्वेमार्गाने इथे येतो.

या गरजेपायी शहराने काय काय सोसलंय! १९६५ मध्ये ऱ्होडेशियातल्या, म्हणजे आताच्या झिंबाब्वेतल्या, गोऱ्यांच्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं. बेइराहून तिकडे जाणाऱ्या पाइपलाइनमध्ये तेल पडू नये म्हणून ब्रिटिश नौदलाने १९६६ पासून १९७५ पर्यंत या बंदरासमोर पहारा ठेवला. १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांनी ऱ्होडेशियाची सीमा बंद केली. म्हणजे बेइराचं पोट ज्या मालावर भरत होतं तोच तोडला. पुढे १९७७ ते १९९२ यादवी युद्ध. रेल्वे आणि पाइपलाइन वाचवायला झिंबाब्वेचं सैन्य या पट्ट्यात तळ ठोकून होतं.

आता मूळ मुद्दा. २०१९ च्या मार्चमध्ये इदाई चक्रीवादळ आलं. ‘शहराचा नव्वद टक्के भाग उद्ध्वस्त किंवा बाधित’ हे रेड क्रॉसचं वाक्य जगभर छापून आलं. मोझांबिकमध्ये सहाशेवर माणसं गेली. झिंबाब्वे आणि मलावी धरून हजारावर. पाठोपाठ कॉलरा. हे सगळं खरं, पण त्या नव्वद टक्क्यांमागे एक गोष्ट झाकली गेली: वादळ सगळ्यांवर सारखं आलं, पाणी सारखं आलं नाही. पोर्तुगीजांनी स्वतःच्या वस्त्या किनाऱ्यालगतच्या वाळूच्या उंचवट्यावर बांधल्या, पोन्ता जेआ, माकुती वगैरे. बंदरात आणि रेल्वेत राबणारे आफ्रिकी मजूर मागच्या दलदलीत, मुन्यावासारख्या वस्त्यांत. स्वातंत्र्यानंतर उंचवट्यावरच्या घरांचे मालक बदलले, पण उंचसखलपणा होता तिथेच राहिला. यादवीत गावं सोडून आलेली हजारो कुटुंबंही सखल भागातच शिरली, कारण मोकळी जागा तेवढीच होती.

मुन्यावात गेलात तर दोन घरांच्या मधे भाताचं खाचर दिसतं. हौसेची परसबाग नव्हे ती, वर्षाचं अन्न असतं. बाई उंबऱ्यावरून उतरली की पाय थेट चिखलात. पाऊस चांगला झाला तर भात चांगला आणि घरात पाणी, पाऊस कमी झाला तर घर कोरडं आणि भात गेला. शहराचा निचरा सुधारायच्या गोष्टी होतात तेव्हा या खाचरांचं काय करायचं हे कुणी विचारत नाही.

चर्चा व्हावी. गोव्याच्या आणि कोकणच्या मंडळींनी जरूर लिहावं.

अनुजा_के

किती नवीन माहिती! इदाईच्या बातम्यांपलीकडे काहीच ठाऊक नव्हतं. एक विचारू का? तिथल्या एका जुन्या मोठ्या हॉटेलात हजारो माणसं राहतात असं वाचलं होतं. ते याच शहरातलं ना?

वास्तुरसिक

अनुजा, हो, ते ग्रांदे ओतेल. १९५० च्या दशकात बांधलं. आफ्रिकेतलं सगळ्यात दिमाखदार हॉटेल करायचं असा बेत होता. गिऱ्हाईक पुरेसं आलंच नाही आणि १९६३ च्या सुमारास ते बंद पडलं. युद्धाच्या काळात तिथे निर्वासित आले ते आलेच. आज तिथे दोनेक हजारांहून अधिक माणसं राहतात. नळ नाही, वीज नाही. ऑलिंपिक मापाचा पोहण्याचा तलाव आहे, त्यात पावसाचं पाणी साठतं आणि तिथे कपडे धुतले जातात. फोटो काढणारे जगभरातून येतात आणि बहुतेकांचा कॅमेरा पडझडीवरच असतो. पण तिथे जिन्यांवर भाजीची दुकानं आहेत, कोणत्या मजल्यावर कोणी राहायचं याचे नियम आहेत, राहणाऱ्यांनी निवडलेले म्होरके आहेत. माणसं नीट घडी बसवून राहताहेत. त्याला ‘भग्नावशेष’ म्हणणं मला पटत नाही.

वास्तुकलेची आवड असणाऱ्यांनी बेइराचं रेल्वे स्टेशन बघावं, १९६६ चं. काँक्रीटच्या पातळ कमानीखाली प्रशस्त दालन, मागे कार्यालयांची लांबलचक इमारत. तीन वास्तुविशारदांनी मिळून केलेलं काम आहे, आणि त्या काळातल्या आफ्रिकेतल्या आधुनिक इमारतींमध्ये मी ते फार वरचं मानतो. लिस्बनपासून दूर असल्यामुळे या तरुण मंडळींना तिथे बरीच मोकळीक मिळाली. कॉलमच्या सावल्या, जाळीच्या भिंती, वारा खेळेल अशा गॅलऱ्या, सगळं उष्ण दमट हवेचा विचार करून.

मांडवीकाठ

धागा वाचून बरं वाटलं. आमच्या घरात ‘बेइरा’ हा शब्द लहानपणापासून कानावर आहे. आजोबांचे चुलतभाऊ तिथे कस्टममध्ये कारकून होते. गोव्याच्या कित्येक घरांतून असा एकतरी माणूस मोझांबिकला गेलेला असतो. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखालीच चालायचा, त्यामुळे हे येणंजाणं फार जुनं आहे.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हाचा एक कडवट भाग सांगायला हवा. मोझांबिकमधल्या पोर्तुगीज सरकारने भारतीय नागरिकांना, जे प्रामुख्याने गुजराती व्यापारी होते, छावण्यांत डांबलं, त्यांची मालमत्ता जप्त केली आणि पुढे देशाबाहेर काढलं. गोंयकारांकडे पोर्तुगीज नागरिकत्व होतं, ते सुटले. एकाच बाजारात समोरासमोर बसणाऱ्या दोन माणसांपैकी एक छावणीत आणि एक घरी. आमचे आजोबा हे सांगताना आवाज खाली आणायचे.

दुसरी बाजूही आहे. आकिनो द ब्रागांसा मूळचे बार्देशचे. ते वसाहतवादाविरुद्ध उभे राहिले आणि स्वतंत्र मोझांबिकमध्ये माशेल यांचे जवळचे सल्लागार झाले. १९ ऑक्टोबर १९८६ च्या विमान अपघातात माशेल यांच्याबरोबरच ते गेले. गोव्यात त्यांचं नाव आजच्या मुलांना माहीत नाही, हे मला फार लागतं.

नाखवा_मुरुड

मी कधी तिकडे गेलो नाही, पण भरतीबद्दल लिहिलंत म्हणून एक बघितलं. इदाई किनाऱ्यावर आलं ती १४ मार्च २०१९ ची रात्र. पंचांगात बघा, फाल्गुन शुद्ध अष्टमी. म्हणजे भांग. आमच्याकडे पोरालासुद्धा ठाऊक असतं की अष्टमीला पाणी धड भरत नाही आणि धड ओसरत नाही. होळी पौर्णिमेला अजून सहा दिवस होते. सहा-सात मीटरच्या उधाणावर ते वादळ बसलं असतं तर काय झालं असतं, याचा विचारच करवत नाही. निसर्ग वादळात आमच्याकडे सुरूची झाडं काडीसारखी मोडली, पण समुद्र त्यामानाने आत शिरला नाही. वारा घरं मोडतो, माणसं मात्र पाण्याने जातात.

दर्याकाठ

नाखवा, हे फार मोलाचं लिहिलंत. तिथल्या मच्छीमारांकडून हेच ऐकलं होतं, ‘त्या रात्री पाणी मेलेलं होतं म्हणून आम्ही वाचलो.’ तुम्ही तिथी काढून दाखवलीत. बेइराच्या वाट्याला समुद्र त्या मानाने कमी आला, नद्या मात्र दोन दिवसांनी आल्या. हीच प्रणाली ४ मार्चला एकदा जमिनीवर येऊन गेली होती, पुन्हा समुद्रात जाऊन तिने जोर धरला. त्यामुळे नद्या आधीच तुडुंब होत्या. पुंगवे आणि बुझीच्या खोऱ्यांत उपग्रहाच्या चित्रात एक आख्खा समुद्र दिसत होता. बुझी गावातली माणसं छपरांवर आणि झाडांवर होती. शहराला जोडणारा एकमेव मोठा रस्ता वाहून गेला, फोन बंद.

माकुतीच्या किनाऱ्यावरही सुरूची रांग आहे, १९०४ सालचं दीपगृह आहे आणि त्याच्या पायथ्याशी एका जुन्या जहाजाचा सांगाडा. तिथली वाळू वर्षानुवर्षं खचतेय.

एक भर घालतो: बाहेरून सगळ्यात आधी पोचलेल्या मदतीत आपल्या नौदलाची आणि तटरक्षक दलाची जहाजं होती, सुजाता, शार्दूल आणि सारथी. त्यांनी जवळजवळ दोनशे जणांना सोडवलं आणि वैद्यकीय शिबिरं चालवली. बेइरात मला भारतीय म्हणून ओळखल्यावर टॅक्सीवाल्याने याची आठवण काढली आहे.

स्पष्टवक्ता

सगळं वाचलं. पण मग सरळ प्रश्न आहे. भरतीच्या पातळीखालचं शहर, दर काही वर्षांनी वादळ, वर समुद्राची पातळी वाढतेय. इदाईनंतर २०२१ च्या जानेवारीत पुन्हा एलोइज आलंच. एवढे पैसे पुन्हा पुन्हा त्याच चिखलात ओतण्यापेक्षा शहर आत, उंचावर का नेत नाहीत? बंदर राहू दे, माणसं हलवा.

दर्याकाठ

स्पष्टवक्ता, हा प्रयोग थोडा झाला आहे. इदाईनंतर काही कुटुंबांना दोन्दो जिल्ह्यात मुतुआ, मांद्रूझी अशा ठिकाणी जमीन देऊन वसवलं. उंच, कोरडी जागा. पण बेइराच्या किनाऱ्यावरच्या प्राया नोवा वस्तीत राहणारा माणूस पहाटे होडी घेऊन निघतो आणि त्याची बायको ती मासळी दहा पावलांवर विकते. त्याला तीस किलोमीटर आत नेलंत तर तो रोज चापाच्या भाड्यात कमाई घालवेल. (चापा म्हणजे तिथली खच्चून भरलेली मिनीबस.) बरेच जण परत आले. प्राया नोवा आज पुन्हा पत्र्यांनी भरलेली आहे.

‘बंदर राहू दे, माणसं हलवा’ हे वाक्य मला टोचलं, रागाने म्हणत नाही. ते बंदर याच माणसांच्या पाठीवर चालतं. त्यांना कोरड्यात झोपता येईल अशी व्यवस्था शहरातच करायची जबाबदारी बंदरातून कमावणाऱ्या सगळ्यांची आहे, तिन्ही शेजारी देश धरून.

पाणीवाला

सिव्हिलवाला आहे, म्हणून लिहितो. शहर वाचवता येतच नाही, हे खरं नाही. चिवेवे नावाचा एक खाडीचा फाटा बेइराच्या मध्यातून जातो. वर्षानुवर्षं तो गाळाने आणि कचऱ्याने बुजत आला होता. जर्मन विकास बँकेच्या पैशातून तो उपसला, मुखाशी झडपा बसवल्या, काठावर खारफुटी परत लावली आणि पुढे तिथे मोठी बाग केली. दुसऱ्या टोकाला जागतिक बँकेच्या कर्जातून सुमारे ११ किलोमीटर नाले मोठे केले आणि पाणी साठवायला एक प्रचंड तळं खणलं. हे काम इदाईच्या आधी नुकतंच झालं होतं, आणि ज्या वस्त्यांत ते झालं होतं तिथलं पावसाचं पाणी लवकर ओसरलं.

यामागे जिद्द होती ती महापौर दाविझ सिमांगो यांची. २००३ पासून ते फेब्रुवारी २०२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते महापौर होते. केंद्रात सत्ता एका पक्षाची आणि शहरात विरोधकांची, त्यामुळे त्यांना निधीसाठी थेट परदेशी संस्थांशी बोलावं लागायचं. तरी नाल्यांसारखं, मतं न मिळवून देणारं काम त्यांनी लावून धरलं.

झडपांचं गणित मात्र सोपं आहे. ओहोटीला उघडायच्या, भरतीला बंद. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर पाणी आतच कोंडणार, म्हणून साठवणतळं हवं. आणि त्या तळ्यात कचरा, गाळ, घरं शिरू देता कामा नये. बांधकाम एकदाच होतं, उपसा कायम करावा लागतो, आणि पैसे देणारे बांधकामाला देतात.

मांडवीकाठ

पाणीवाला, ही आमच्या खाजणांची मानस झाली की! बांध, बांधात लाकडी दारं, भरतीला पाण्याच्या दाबाने आपोआप मिटणारी, ओहोटीला उघडणारी. शेकडो वर्षं गांवकारी (गावाची सामाईक संस्था) आणि शेतकरी ती राखत आले. आता बऱ्याच ठिकाणी दुर्लक्षाने बांध फुटले आणि शेतात खारं पाणी शिरलं. भात पिकवणारा माणूस बांधाची काळजी घेतो, कारण त्याचं पोट त्यावर असतं. मग मुन्यावाच्या त्या भात लावणाऱ्या बायकांनाच नाले आणि झडपा राखायचं काम, पगार देऊन, का देऊ नये?

पाणीवाला

यापेक्षा चांगली सूचना मी कुठल्या अहवालात वाचली नाही.

शेतकरी_लातूर

तुमचा धागा चांगला आहे, पण सुरुवातीला तुरीचा उल्लेख करून पुढे निघून गेलात. त्या बंदरातून निघालेली तूर आमच्या बाजार समितीचा भाव पाडते. २०१५ ला डाळ दोनशे रुपयांवर गेली, त्यानंतर सरकारने मोझांबिकशी करार केला. २०१६-१७ ला आमच्याकडे विक्रमी तूर झाली, हमीभाव मिळेना, खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. आणि त्याच वेळी करारातली तूर येतच होती. त्या शहराबद्दल सहानुभूती आहेच. पण आमचीही बाजू लिहा.

दर्याकाठ

दादा, तुमची बाजू रास्त आहे, लिहायलाच हवी. तो करार जुलै २०१६ चा. पहिल्या वर्षी १ लाख टन, पुढे वाढवत २ लाख टन. बेइरा आणि नाकाला या दोन्ही बंदरांतून ती तूर निघते. आता पलीकडचं सांगतो. तिकडे तूर पिकवणारे लहान शेतकरी आहेत, एक-दोन एकरवाले, कुदळीने शेती करणारे. ते स्वतः तूर फार खात नाहीत. भारताने सांगितलं म्हणून पेरली. २०१७ च्या ऑगस्टमध्ये आपण तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली. करारातला माल त्यातून वगळला होता, तरी तिकडचा भाव कोसळलाच, कारण गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला घासाघीस करायला निमित्त मिळालं. लातूरचा शेतकरी रांगेत उभा होता आणि सोफालाचा शेतकरी पोतं घेऊन रस्त्याच्या कडेला बसला होता, त्याच महिन्यांत. दोघांच्याही पोत्याची किंमत दिल्लीत ठरत होती. माझ्या मते आयातीचा निर्णय पेरणीच्या आधी जाहीर व्हायला हवा आणि वर्षभर बदलता कामा नये, दोन्हीकडच्या शेतकऱ्यांसाठी.

शेतकरी_लातूर

पेरणीच्या आधी, हे बरोबर. आमची मागणी तीच आहे. तिकडचा शेतकरी आमच्यासारखाच अडलेला आहे हे ठाऊक नव्हतं.

अनुजा_के

कोणी जायचं म्हटलं तर कधी जावं? आणि शाकाहारी माणसाचं काय?

दर्याकाठ

मे ते सप्टेंबर. नोव्हेंबर ते एप्रिल वादळाचा आणि पावसाचा काळ, तेव्हा नको. विमान जोहान्सबर्ग किंवा मापुतोमार्गे. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीपासून सुरू करा. बेइराचा समुद्र गढूळ आहे, निळ्या पाण्याची अपेक्षा ठेवू नका. गोरोंगोझा अभयारण्य गाडीने काही तासांवर आहे. युद्धात तिथले बहुतेक मोठे प्राणी मारले गेले होते, आता कळप पुन्हा वाढले आहेत. तिथे दोन दिवस तरी द्या.

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. सकाळी कुठल्याही नाक्यावर बाई टोपली घेऊन बसलेली असते: चवळीच्या वाटणाची गरम बाजिया, आणि ती पावात घालून देते, आपल्या भजीपावासारखीच. वर पिरी-पिरी मागितलीत तर जपून, डोळ्यांतून पाणी येतं. मक्याच्या पिठाची शिमा (घट्ट उकड) आणि मातापा, म्हणजे कसाव्याचा पाला शेंगदाण्याच्या कुटात आणि नारळाच्या दुधात शिजवलेला. मात्र सांगून ठेवा, नाहीतर त्यात कोळंबी हमखास पडते.

शहरातलं कॅथेड्रल बघा. १९२५ मध्ये पूर्ण झालं. त्याच्यासाठी दगड आणला तो दक्षिणेला असलेल्या जुन्या सोफालाच्या किल्ल्यातून. १५०५ मध्ये पोर्तुगीजांनी तो किल्ला सोन्याच्या व्यापारावर हात ठेवायला बांधला, आणि त्यांच्या कितीतरी आधीपासून तिथे खंबायतचं कापड सोन्याच्या बदल्यात उतरत होतं. ती जागा समुद्राने गिळली. कॅथेड्रलच्या भिंतीला हात लावलात तर त्या किल्ल्याचाच दगड हाताला लागेल.